आजेगुरूंचा आवाज

फळबाजारातला सकाळचा लिलाव आटोपला, पेट्या उचलल्या गेल्या, पेंढा झाडून एका कडेला लोटला गेला, आणि ज्या ओट्यावर उभे राहून भाव पुकारले जात त्याच ओट्यावर सतरंजी अंथरून द्विकंठ महाराज विराजमान झाले. पत्र्याच्या त्या लांबलचक शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. व्यापारी, हमाल, तोलणारे, घरची बायकामुले, आणि घसा धरून आलेली कितीतरी परकी माणसे. खांद्यावर बसलेली पोरे, पोरांच्या हातात अर्धवट खाल्लेली फळे, आणि वर पंख्यांची घरघर.

महाराजांनी हात वर केला. पंखे बंद झाले. त्यांनी डोळे मिटले, हनुवटी छातीकडे ओढून घेतली आणि म्हणाले, "शांत व्हा."

आवाज साधाच होता, जरासा नाकातला. मग त्यांनी पुन्हा तोंड उघडले, आणि त्या नाकातल्या आवाजाच्या खालून दुसराच एक आवाज वर आला. जाड, खरखरीत, कोरड्या विहिरीच्या तळातून निघाल्यासारखा. वरचा थांबला नव्हता. दोन्ही एकदम चालले होते.

"शांऽऽत... व्हाऽऽ..."

डोक्यावरचा पत्रा गुणगुणला. एका म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. कोणीतरी ओरडले, "आजेगुरू आले!" आणि शेडभर माणसे गुडघ्यांवर बसली.

"आले म्हणजे काय?" महाराज पुन्हा एकट्या आवाजात म्हणाले. "गेले होते कधी? आमच्या गुरूंचे गुरू, देह ठेवून शंभर वर्षं झाली. पण राहतात कुठे? इथे!" त्यांनी गळ्यावर टिचकी मारली. "हा गळा म्हणजे दुमजली घर आहे, बाळांनो. माडीवर आम्ही, तळमजल्यावर आजेगुरू. आता डॉक्टर लोक नळ्या घालून बघतात. त्यांना काय दिसणार? माणूस घरात आहे की नाही ते बघायला कोणी मोरीच्या पाइपातून डोकावतं का?"

शेड हसली. मागच्या खांबाला टेकून उभी असलेली एक चाळिशीची बाई मात्र हसली नाही. नळ्या घालून बघणारी तीच होती.

घरात तिला सगळे चिमी म्हणत, कारण लहानपणी तिचा आवाज चिमणीसारखा बारीक होता. आता ती मोठ्या इस्पितळाच्या आवाज विभागात माणसाच्या गळ्याचा अभ्यास करत होती. डॉक्टर होती, पण औषध देणारी नव्हे, ध्वनिशास्त्रातली. नाकातून बारीक नळी आत सोडायची, नळीच्या टोकावरच्या कॅमेऱ्याने स्वरयंत्र बघायचे आणि त्याच वेळी निघणारा आवाज मोजायचा, हे तिचे रोजचे काम. इतके गळे आतून बघून झाले होते की माणसांचे चेहरे ती विसरे, गळे विसरत नसे.

आणि त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे एकच गळा होता. पहिल्या रांगेत, महाराजांच्या पायाशी, गळ्यात पाटी अडकवून बसलेल्या तिच्या दादाचा.

दादा या बाजाराचा पुकारा होता. भाव पुकारणे, बोल्या झेलणे, भाव पक्का करून सौदा तोडणे, सगळे त्याच्या एका आवाजावर. शेडच्या या टोकाला त्याने तोंड उघडले की त्या टोकाची मांजरे उठून बसत. तो आवाज बसला तेव्हा आधी सर्दी झाली म्हणाले, मग धूळ, मग वय. शेवटी चिमीनेच त्याला ओढून इस्पितळात नेले. डाव्या स्वरपट्टीवर मसुरीच्या डाळीएवढी गाठ होती. तुकडा तपासला. कॅन्सर निघाला.

"लवकर सापडलाय," सर्जनबाई म्हणाल्या होत्या. "तोंडातूनच लेझरने काढता येईल, बाहेरून टाका नाही. आवाज थोडा बसका होईल, पण राहील. थांबलात आणि तो पसरला, तर मात्र अख्खं स्वरयंत्र काढावं लागेल."

दादाने त्यातले शेवटचे तीनच शब्द ऐकले. तो तिथून उठला तो थेट महाराजांच्या ओट्यापाशी. आजेगुरूंनी निकाल दिला: गाठबीठ काही नाही, न बोललेला शब्द अडकलाय. गळ्याला लोखंड लावू नकोस. मौन धर आणि भारलेला मध चाट.

आता सहा आठवडे होत आले होते, आणि पंचाईत अशी की मध्यंतरी मौन सोडायला लावून महाराजांनी दादाला चारचौघांत "जय" म्हणायला सांगितले, तेव्हा आवाज खरोखरच आधीपेक्षा मोकळा निघाला होता. शेडने टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून घसा धरून येणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली होती.

*

संध्याकाळी चिमी दादाच्या घरी गेली ती लॅपटॉप घेऊन. दरबारातला आवाज तिने फोनवर टिपला होता आणि त्याचा आलेख काढला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने तो दादा-वहिनींपुढे ठेवला.

"ही वरची रेघ महाराजांची, ही खालची तुमच्या आजेगुरूंची. महाराजांच्या गळ्यात सेकंदाला दीडशे कंपनं होतात तेव्हा खालची पंचाहत्तर. महाराज चढले की आजेगुरू चढतात, उतरले की उतरतात. कायम बरोबर निम्मे. आता सांगा, दोन वेगळी माणसं एकमेकांना इतकी बांधलेली असतील का?"

"नवरा-बायको असती तर नसती," वहिनी म्हणाल्या. "गुरू-शिष्याचं वेगळं असतं. बघ ना, किती सुरात आहेत! बरं झालं गं दाखवलंस. मशीनसुद्धा कबूल करतंय."

चिमीने लॅपटॉप मिटला. तिने बोटाने आपल्या गळ्याचा उंचवटा दाखवला. "दादा, बघ. इथे आत दोन स्वरपट्ट्या असतात. श्वास आला की त्या एकमेकींवर आपटतात, तो आपला आवाज. त्यांच्या जरा वर अजून दोन मांसल घड्या असतात. त्यांना खोट्या स्वरपट्ट्या म्हणतात. बोलताना त्या बाजूला असतात. पण गळा आवळून दाबला की त्याही जवळ येतात आणि थरथरायला लागतात. जाड असतात म्हणून रेंगाळतात. खरीची दोन कंपनं होतात तेव्हा खोटीचं एक होतं. म्हणून निम्मा आवाज. तुमचा तळमजला खाली नाहीच, तो वरती आहे!"

दादाने पाटीवर लिहिले, 'हे सगळं तोंडाने सांगायचं.'

"मग करून दाखवते." आवाज मोजण्याच्या कामात तिने स्वतःच्याच गळ्यावर हे कितीदा केले होते. तिने हनुवटी ओढली, गळा आवळला, आणि तिच्या त्या बारीक आवाजाच्या पोटातून घोगरी गर्जना बाहेर पडली. "वऽहिऽनीऽ... चऽहाऽ... द्याऽ..."

वहिनींच्या हातातला कप निसटला आणि त्यापाठोपाठ वहिनी स्वतः तिच्या पायांवर आल्या.

"वहिनी, उठा! अहो, काय करताय?"

"चुकलं माझं, आजेगुरू. चिमी लहान आहे, तिला माफ करा."

"मीच चिमी आहे! माझ्या पाया पडू नका, काचा वेचा आधी."

दादाने पाटीवर लिहिले, 'तुझ्यातही आले.'

"काय आलं?"

'आजेगुरू.'

चिमी स्वतःच काचा वेचायला बसली. पुरावा दाखवला तर तो चमत्काराच्या खात्यात जमा झाला, नक्कल केली तर दुसरा चमत्कार झाला. तिला हसूही येत होते आणि रडूही. "दादा," ती शेवटी म्हणाली, "तुझा आवाज मोकळा झाला कारण गप्प बसल्यावर पट्ट्यांची सूज उतरली. गाठ तिथेच आहे. वाढतेय. मी ती रोज डोळ्यांपुढे बघते रे."

त्याने खडू उचलला आणि सावकाश दोनच शब्द लिहिले. 'आवाज दोन.' मग त्याभोवती गोल केला.

त्याचेही खरे होते. चिमी बाजारातच वाढली होती, तिला ते ठाऊक होते. लिलावाच्या गर्दीत पुकारणाऱ्याला माणसे दिसतात कुठे? पेट्यांच्या थप्प्यांआडून, खांबांमागून बोल्या येतात, आणि त्या आवाजावरून ओळखायच्या असतात. आवाज वेगळा म्हणजे गिऱ्हाईक वेगळे. सगळा बाजार, सगळे सौदे त्या विश्वासावर उभे. जन्मभर असे कान तयार झालेल्या माणसांना दोन आवाज ऐकवले, तर ती दोन माणसे मोजणारच. महाराजांनी इतकी गावे सोडून मुक्कामाला बाजार उगीच नव्हता निवडला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा दादाला गाठायला शेडमध्ये गेली. लिलाव चालू होता. दादाच्या जागी ओट्यावर हमालांचा मुकादम उभा होता. मनाने दिलदार, आवाजाने दणकट, आणि या कामात पुरता कच्चा. महाराजांच्या दरबाराची सगळी व्यवस्थाही हाच बघे. दादा शेजारी पेटीवर बसून त्याला खुणा करत होता.

"बोला, पुढे बोला!"

आणि दोन बाजूंनी दोन आवाज एकाच क्षणी आदळले. मुकादम गोंधळला. "काय? कोण काय म्हणालं? अरे, एकेक बोला, माझ्या डोक्याचं भरीत करू नका!"

दादाने न बघता उजवीकडच्या खांबाकडे बोट केले आणि पाटीवर अठरा लिहिले, मग डावीकडे बोट केले आणि वीस लिहिले. दोन्ही व्यापाऱ्यांनी मान डोलावली. सौदा पुढे गेला.

चिमी जागच्या जागी उभी राहिली. दोन माणसे एकदम ओरडली होती आणि दादाच्या कानाने ती सोडवली होती. कशावरून? नुसत्या गळ्यावरून नाही. एकाने अठरा म्हटले होते, दुसऱ्याने वीस. आवाज गळ्यात होतो, पण त्या आवाजाचा शब्द करतात ते जीभ आणि ओठ. इतकी वर्षे ती स्वरयंत्रात डोके घालून बसली होती, की त्याच्या वीतभर वर काय आहे ते बघायचेच राहून गेले होते.

ती दादाच्या पेटीपाशी जाऊन उकिडवी बसली. "दादा, दोघं एकदम बोलले. तुला शब्द किती ऐकू आले?"

त्याने 'दोन' अशी बोटे दाखवली. त्याच्या चेहऱ्यावर 'यात काय विचारायचं?' असे लिहिलेले होते.

"आणि महाराज व आजेगुरू एकदम बोलतात, तेव्हा किती शब्द ऐकू येतात?"

दादाने खडू पाटीवर टेकवला. खडू तसाच राहिला. पलीकडे मुकादम घसा फोडून विचारत होता, पेटीचा भाव तुटला की नाही तुटला. दादाचे तिकडे लक्ष नव्हते.

*

त्या दुपारी दरबार नेहमीपेक्षा जोरात होता. महाराजांनी एका गृहस्थाच्या कानाचे, एका बाईच्या थायरॉइडचे आणि एका म्हशीच्या दुधाचे निकाल लावले. मग आजेगुरूंनी गर्जून सगळ्यांना आशीर्वाद दिला. माणसे वाकली. त्या वाकलेल्या पाठींमध्ये चिमी फळांच्या रिकाम्या पेटीवर चढून उभी राहिली.

"मला एक विचारायचंय."

"विचार, बाळ." महाराज गोड हसले. "इथे विचारायलाच येतात सगळे."

"तुम्ही आणि आजेगुरू दोघे एकदम बोलता. मग दोघे एकाच वेळी वेगवेगळे शब्द बोलून दाखवा. तुम्ही एक म्हणा, त्यांनी दुसरा म्हणावा. बस्स, एवढंच."

शेडमध्ये एकदम कलकलाट उसळला. "खाली उतर!" "कोण आहे ही?" "दादाची बहीण ना? इस्पितळातली!" "मॅडम, आम्ही येतो का तुमच्या इस्पितळात भाषण करायला?"

"या की!" चिमी ओरडली. तिचा बारीक आवाज कलकलाटावरून टाचणीसारखा गेला. "या आणि विचारा! आमच्याकडे प्रश्न विचारला तर कोणी खाली उतर म्हणत नाही."

मुकादम गर्दी कापत आला. "ताई, मी हात जोडतो. दादाकडे बघून गप्प बसतोय मी. उतरा."

"दादाकडे बघूनच चढलेय मी. नाही उतरत."

महाराजांनी दोन्ही हात वर केले. "थांबा, थांबा. अज्ञान आहे, रागवू नका. बाळ, गुरू आणि शिष्य वेगवेगळं बोलतील कसे? गुरूंचा शब्द तोच शिष्याचा शब्द. तिथे मतभेद नाही!"

"वा!" गर्दी म्हणाली.

"मतभेद नकोच," चिमी म्हणाली. "गुरूंनी 'जा' म्हणून आज्ञा करावी. शिष्याने 'जी' म्हणून ती मानावी. फक्त दोघांनी एकदम."

मागे कोणीतरी फिसकन हसले. महाराजांचे हसू ओठांवर होते तिथेच वाळले. त्यांनी डोळे मिटले, हनुवटी ओढली, आणि तळातला आवाज शेडभर घुमवला. "हीऽऽ... संऽशऽयीऽऽ... हिऽच्याऽ... पाऽपाऽनेऽऽ... भाऽवाऽचाऽ... आऽवाऽजऽ... जाऽणाऽरऽऽ..."

पत्रा गुणगुणला. वहिनींनी तोंडावर हात दाबला. आता मात्र गर्दीने चिमीला वेढले. कोणीतरी पायाखालची पेटी ओढली. ती पडता पडता खांबाला धरून उभी राहिली, आणि तिचे लक्ष दादाकडे गेले.

दादा उठला होता. त्याने गळ्यातली पाटी काढून ओट्याच्या कडेवर ठेवली, आणि जिथे तो आयुष्यभर उभा राहिला होता तिथे, ओट्यावर चढला. महाराजांच्या शेजारी.

"थांबा," तो म्हणाला.

कोणाला ऐकू आले असेल की नाही, शंकाच होती. फाटक्या कापडासारखा आवाज होता तो. मौनाने आलेला मोकळेपणा केव्हाच निघून गेला होता. पण त्याने एक हात वर केला, लिलाव थांबवताना करायचा तसा, आणि बाजाराच्या अंगवळणी पडलेली गोष्ट, सगळे थांबले.

"महाराज, मौन मोडतोय. राग मानू नका." प्रत्येक शब्दाला तो श्वास घेत होता. "मी या कानांचं खातो. एवढं सांगा. तुम्ही आत्ता बोललात, 'भावाचा आवाज जाणार.' आजेगुरूंनीही तेच म्हटलं. मागच्या वेळी तुम्ही 'जय' म्हणालात, तेही 'जय' म्हणाले. मी इतके दिवस पायाशी बसलोय. दोन आवाज ऐकले. शब्द मात्र एकच ऐकला. नेहमी एकच."

"त्यात काय बिघडलं, दादा?" मुकादम कळवळून म्हणाला.

"तू सांग. इथे दोघं एकदम ओरडले, तर काय होतं?"

"डोक्याचं भरीत होतं."

"का होतं?"

मुकादमाने उजवीकडच्या आणि मग डावीकडच्या खांबाकडे बघितले. "कारण... एक अठरा म्हणतो आणि एक वीस म्हणतो."

"महाराज," दादा वळला, "मी दुसरं काही मागत नाही. माझा जीव तुमच्या शब्दावर टांगलाय. जा आणि जी. एकदम. मी आत्ता पायावर डोकं ठेवतो."

शेड महाराजांकडे बघत होती. नकार देता येईल अशी ती नजर नव्हती. महाराजांनी हनुवटी ओढली. "जाऽऽ..." दोन्ही आवाज म्हणाले, जा. त्यांनी घाईने तोंड बदलले. "जीऽऽ..." दोन्ही म्हणाले, जी.

"एकामागून एक नको," दादा म्हणाला. "एकदम."

"जाऽजीऽजा..." महाराजांच्या कपाळावर घाम आला. तळमजला आणि माडी दोन्ही एकाच जिन्यात अडकली होती. मागून एका पोराने मोठ्याने करून बघितले, "जाजीजा!" आणि मग कोणाला राहवेना. अख्खी शेड आपापल्या तोंडाने 'जा' आणि 'जी' एकदम म्हणायची खटपट करू लागली. व्यापारी एकमेकांच्या तोंडात डोकावत होते. कालची म्हातारी हनुवटी हलवून दमली आणि म्हणाली, "अगं बाई, जीभ एकच आहे की!"

"एकच आहे!" चिमी आता ओट्याच्या पायरीवर उभी होती. "आजी बरोबर बोलल्या. आवाज गळ्यात होतो आणि शब्द तोंडात. गळ्यात दोन आवाज काढता येतात, कारण आत खऱ्या पट्ट्यांच्या वर दोन खोट्या घड्या आहेत. सगळ्यांनाच आहेत. तुम्हाला, मला, महाराजांना. पण त्या आवाजांना बाहेर पडायला तोंड एकच. दुसरं माणूस असतं तर दुसरी जीभ असती."

"खोट्या घड्या म्हणे," एक जण पुटपुटला. "आम्हाला नाही जमत तसला आवाज."

"जमतो. मुकादम, भरलेलं पोतं उचलता तेव्हा तोंडातून काय निघतं?"

मुकादम विचारात पडला. मग त्याने नसलेले पोते पाठीवर घेतले आणि गळा आवळून आवाज काढला. "हंऽऽऽ!" घोगरा, जाड, दगडावर दगड घासल्यासारखा.

"तोच. ओझं उचलताना फुप्फुसातली हवा आत कोंडून धरायला त्या घड्या मिटतात. आता तसाच गळा आवळा आणि त्यावर 'आ' म्हणा."

"हंऽऽआऽऽऽ..."

मुकादमाच्या गळ्यातून आजेगुरू निघाले. तो इतका दचकला की मागे सरकून सतरंजीवर बसला. मग आणखी एका हमालाने करून बघितले, मग तिसऱ्याने. पत्रा आता नुसता दणाणत होता. शंभर वर्षांपूर्वी देह ठेवलेले आजेगुरू एकाच वेळी डझनभर गळ्यांतून गरजत होते, आणि हमाल हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते.

महाराज कधी उठले ते फारसे कोणी पाहिले नाही. मुकादमाने मात्र पाहिले. "महाराज, सतरंजी राहू दे," तो म्हणाला. "ती बाजाराची आहे."

*

दादा ओट्याच्या कडेवर बसला होता. वहिनी त्याच्या शेजारी, मधाची बाटली मांडीवर घेऊन.

"मग आता?" वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चिडका होता. "महाराज खोटे. कबूल. पण ते निदान बरं होईल म्हणत होते. तुमच्या सर्जनबाई म्हणतात थोडा बसेल, कदाचित, बहुतेक. मी कोणावर विश्वास ठेवू? तुझ्यावर?"

"माझ्यावरही नको," चिमी म्हणाली. "चला, बघून घ्या."

आवाज विभागातल्या छोट्या खोलीत तिने पडदा वहिनींकडे वळवला. दादाच्या नाकातून नळी आत गेली. गुलाबी, ओलसर, हलता गळा पडद्यावर आला, आणि त्यात दोन पांढऱ्या पट्ट्या. डावीवर खडबडीत उंचवटा. वहिनींनी पडद्याजवळ जाऊन बघितले. मग पहिला तुकडा तपासला तेव्हाचे चित्र मागितले. दोन्ही शेजारी ठेवल्यावर त्यांनी बोटाने पडद्यावरच माप घेतले.

"वाढलीय," त्या म्हणाल्या.

"हो."

"मध खाऊन?"

"मधाने नाही. वाट बघून."

सर्जनबाई आल्यावर वहिनींनी त्यांना उभ्या उभ्या धारेवर धरले. किती कापणार? आवाज किती जाणार? पुन्हा उगवलं तर? तुमचे किती पेशंट वाचले, किती नाही? तुमच्या हातून चुकलं तर आम्हाला सांगणार की झाकणार? सर्जनबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि एकेकाचे उत्तर दिले. दोन ठिकाणी त्या "माहीत नाही" म्हणाल्या. बाहेर पडल्यावर वहिनी म्हणाल्या, "त्या दोनदा माहीत नाही म्हणाल्या ना, तेव्हा मला धीर आला बघ. तो मेला सगळं माहीत असल्यासारखा बोलायचा."

शस्त्रक्रिया झाली. गाठ मुळासकट निघाली, कडेचा भाग तपासला तो स्वच्छ आला. दादा शुद्धीवर आल्यावर सर्जनबाईंनी त्याला पहिली सूचना दिली, की काही दिवस अजिबात बोलायचे नाही.

दादाने पाटी मागवली. 'तुमच्याकडेही मौनच?'

"मौनच," सर्जनबाई म्हणाल्या. "पण आम्ही गाठ आधी काढतो."

एक गोष्ट त्यांनी लपवली नाही. सहा आठवड्यांपूर्वी आला असता तर पट्टीचा थोडासाच भाग घ्यावा लागला असता. आता जास्त घ्यावा लागला. दादा पुन्हा ओट्यावर उभा राहिला तेव्हा त्याचा आवाज पहिल्या तीन खांबांपर्यंत पोचत होता, त्यापुढे माइक लागत होता. शेडच्या त्या टोकाची मांजरे आता त्याला जुमानत नाहीत. चिमीला त्याचा राग येतो, अजूनही येतो. तो राग दादावर नाही. नखाएवढ्या पट्टीवर आयुष्य काढणाऱ्या माणसाची भीती ओळखून तिच्यावर आपली गादी मांडणाऱ्यावर आहे.

दुसऱ्या एका गावात महाराजांनी पुन्हा दरबार भरवल्याचे मध्यंतरी कानावर आले. तिथेही कोणाचा तरी दादा पायाशी बसला असेल, आणि त्याच्या घशातही काहीतरी वाढत असेल. म्हणून सांगायचे ते स्पष्टच सांगावे. आवाज बसला आणि तीन आठवड्यांत उघडला नाही, तर घशाच्या डॉक्टरकडे जा. तिथेही डोळे मिटून बसू नका, वहिनींसारखे विचारा. आणि प्रश्न विचारल्यावर जो शाप देतो, त्याच्या हाती आपला गळा देऊ नका.